साइटवरची जागा कोणाची? सिव्हिल इंजिनिअरिंगच्या प्रशिक्षणामागचा जातीचा इतिहास

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलामुलींपुढे एकच प्रश्न उभा राहतो. उन्हाळ्यातल्या ट्रेनिंगला जायचे कुठे? कॉलेज सांगते, कंपनी तुम्हीच शोधा, आम्ही फक्त पत्र देऊ. ज्याचा मामा बिल्डर आहे किंवा काका पीडब्ल्यूडीत डेप्युटी इंजिनिअर आहे, त्याचे काम एका फोनवर होते. ज्याचे वडील त्याच बिल्डरच्या साइटवर सेंटरिंगच्या प्लेटा उचलतात, त्याला गेटवरचा वॉचमन विचारतो, काय काम आहे?

मग काय होते तेही आपल्याला माहीत आहे. पैसे भरले की घरबसल्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. रिपोर्ट मागच्या वर्षीच्या सीनियरचा, फोटो दुसऱ्याच साइटचे. मुलगा पास होतो. पण ऑटो लेव्हल हातात घेतलेली नसते, क्यूब भरताना पाहिलेला नसतो, मोजमाप पुस्तक म्हणजे एमबी कशी लिहितात याचा पत्ता नसतो. पुढे मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, साइटवर काय केलेस? तिथे तो अडखळतो आणि बाहेर येऊन ऐकतो, “आरक्षणवाल्यांचे प्रॅक्टिकल नॉलेज कच्चे असते.”

आम्हाला या शेवटच्या वाक्याचा समाचार घ्यायचा आहे. प्रॅक्टिकल नॉलेज कच्चे का राहिले, ते कोणी कच्चे ठेवले आणि किती वर्षांपासून, याचा हिशेब मांडल्याशिवाय हे वाक्य तोंडावर फेकण्याचा अधिकार कोणालाही नाही. लोक म्हणतात, हा जातीचा नाही, ओळखीचा प्रश्न आहे. ओळख काय आभाळातून पडते? या देशात कोणाची कोणाशी ओळख असावी, कोणी कोणाच्या घरी जेवावे, कोणाची सोयरीक कुठे व्हावी हे जातीनेच ठरवलेले आहे.

सुरुवात १८५० पासून करू. त्या वर्षी कंपनी सरकारने शिकाऊ उमेदवारांविषयी एक कायदा केला, १८५० चा १९ वा कायदा. तो अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब पोरांसाठी होता. त्यांनी हातचा धंदा शिकावा, पोट भरावे, एवढाच त्याचा हेतू. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५४ साली, पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झाले. आजच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, सीओईपीचे, ते मूळ. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे, पूल यांच्या कामावर देखरेख ठेवणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा हेतू होता. म्हणजे चार वर्षांच्या अंतराने दोन दारे उघडली. एका दारातून जाणारा हाताने काम करणार आणि दुसऱ्या दारातून जाणारा त्याच्या कामावर उभा राहून वहीत नोंद करणार.

उत्तरेत रुरकीला हेच घडले. गंगेच्या कालव्याच्या कामावर माणसे हवी होती म्हणून १८४७ साली तिथे कॉलेज काढले. त्यात वर्गही वरून खाली लावलेले. वर इंजिनिअर होणारे, मधे ओव्हरसिअर होणारे गोरे सोल्जर आणि खाली एतद्देशीय तरुण. इंग्रजांनी आपली वर्णव्यवस्था सोबत आणली आणि इथे आधीच असलेल्या वर्णव्यवस्थेच्या खाचेत ती चपखल बसली. मद्रासकडे काय झाले ते अजंथा सुब्रमण्यन यांनी ‘द कास्ट ऑफ मेरिट’ या २०१९ सालच्या पुस्तकात सविस्तर मांडले आहे. इंजिनिअरिंग हळूहळू हातापासून तुटले, वर्गखोलीचे आणि परीक्षेचे झाले आणि ज्या कारागीर जातींचे ते पिढीजात काम होते त्यांची रवानगी इंडस्ट्रियल स्कूलमध्ये झाली. इंजिनिअरिंग कॉलेजांत मात्र पोथी पाठ करण्याची ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय होती, ते जाऊन बसले. आपल्या तरुणांनी ते पुस्तक वाचावे, इंग्रजी जड गेले तरी चार जणांनी मिळून वाचावे.

आता दुसऱ्या बाजूला, म्हणजे खड्ड्यात, कोण होते ते पाहू. माती वडार, गाडी वडार, पाथरवट, बेलदार, लोहार, सुतार, गवंडी, मुंबईत तेलंगणातून आलेले कामाठी आणि सगळीकडे बिगारी म्हणून महार-मांग. दगडाला हातोडीने टिचकी मारून नुसत्या आवाजावरून तो आतून फुटका आहे की सलग, हे सांगणारा वडार कोणत्या कॉलेजात शिकला होता? चुना घाणीत किती मळला म्हणजे बांधकामाला लागतो, तलावाचा बांध घालताना काळी माती कुठे आणि मुरूम कुठे, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. त्यांची पोरे चालायला लागल्यापासून साइटवर असत. सहा आठवड्यांचे नव्हे, सोळा वर्षांचे इंडस्ट्रियल ट्रेनिंग! पण त्याचे सर्टिफिकेट कधी निघाले नाही. या देशात अनुभवाला किंमत कोणाच्या अनुभवाला आणि कधी मिळते, हे यावरून समजून घ्यावे.

खरी सत्ता वहीत होती. मातीकाम मोजताना खड्ड्यात मधे मधे न खणलेले मातीचे खांब उभे ठेवतात. त्यांच्या उंचीवरून किती खोल खणले ते कळते. लांबी, रुंदी, खोली धरून ब्रास काढायचे आणि मोजमाप पुस्तकात लिहायचे. वडाराला मजुरी मिळते ती त्याने खणलेल्या मातीची नाही, वहीत लिहिलेल्या मातीची. ज्याच्या हातात पेन तो चार इंच इकडे-तिकडे करू शकतो. खणणाऱ्याला अक्षर येत नाही, मोजणाऱ्याला कुदळ येत नाही, आणि पगार मोजणाऱ्याचा दसपट. सिव्हिलच्या ट्रेनिंगमध्ये विद्यार्थ्याने एमबी शिकलीच पाहिजे, असे आम्ही सतत म्हणतो त्याचे कारण हे आहे.

हा कारभार सर्वांत आधी कोणी ओळखला? महात्मा जोतिराव फुले यांनी. फुल्यांना आपण शिक्षक म्हणून ओळखतो, समाजसुधारक म्हणून ओळखतो. ते बांधकामाचे कंत्राटदार होते, हे आपल्याच कार्यकर्त्यांना अनेकदा ठाऊक नसते. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. बांधकाम खात्यात काय चालते ते त्यांनी लांबून ऐकलेले नव्हते, कंत्राटदार म्हणून रोज पाहिलेले होते. म्हणूनच १८७३ च्या ‘गुलामगिरी’त मामलेदार आणि कलेक्टर कचेरीबरोबर इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण कामगारांचाही त्यांनी समाचार घेतला. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बंधारे, तलाव, पाणी यांबद्दल ते जे लिहितात ते एखाद्या पाटबंधारे इंजिनिअरने लिहावे तसे आहे. डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत आणि त्या कामाला सरकारने आपले रिकामे बसलेले पलटणीतले लोक लावावेत, इथपर्यंत त्यांचा विचार जातो.

आणि ते नुसते लिहून थांबले नाहीत. सत्यशोधक समाजाने आपल्या सुरुवातीच्या वर्षांतच पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गरीब शूद्र विद्यार्थ्यांना फीमाफीने घ्यावे म्हणून तिथले प्राचार्य कुक यांच्याकडे खटपट केली. लक्षात घ्या, हा काळ १८७० च्या दशकाचा आहे. काँग्रेस जन्मायची होती. टिळक-आगरकरांची शाळाही निघायची होती. त्या काळात सत्यशोधकांना कळले होते की आपल्या पोराला नुसते लिहिता-वाचता येऊन भागणार नाही, तो इंजिनिअरिंगच्या वर्गात बसला पाहिजे, कारण वही तिथून निघते.

याच कॉलेजातून १८८३ साली एक विद्यार्थी एलसीई परीक्षेत पहिला आला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो. त्यांचे कर्तृत्व आम्ही नाकारत नाही. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, कृष्णराज सागर, पाण्याचे ब्लॉक पद्धतीचे वाटप, सगळे मान्य. घरची गरिबी होती, तीही मान्य. पण त्या काळी पुण्याच्या कॉलेजात वर आलेल्या विद्यार्थ्याला मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअरची जागा हमखास मिळत असे आणि तशी ती विश्वेश्वरय्यांना मिळाली. परीक्षा झाली की सरळ सरकारी कामावर, वरिष्ठाच्या हाताखाली शिकत शिकत पुढे. याला हमी म्हणतात. याच हमीतून एक मोठा इंजिनिअर घडला.

पुढे हेच विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. १९१८ साली महाराजांनी सर लेस्ली मिलर यांची समिती नेमली. ब्राह्मणेतर मागास जातींना नोकऱ्यांत वाटा कसा द्यायचा हा तिच्यापुढचा विषय होता. विश्वेश्वरय्यांना ते पटले नाही. कार्यक्षमता घसरेल असे त्यांचे म्हणणे होते आणि या मतभेदातूनच ते दिवाणगिरीवरून दूर झाले. राखीव जागेच्या हमीवर ज्यांचे आयुष्य उभे राहिले, त्यांनी दुसऱ्याच्या हमीला कार्यक्षमतेचा शत्रू ठरवावे! पहिल्या हमीला कोणी आरक्षण म्हटले नाही, कारण तिचा लाभ कोणाला होणार हे शाळेच्या दारातच ठरून गेलेले होते. अभियंता दिनाच्या भाषणात ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला मसूर स्टेशनचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. नऊ वर्षांचा भीमा, सोबत भावंडे, वाटेत नाकारलेले पाणी. पण वडील कुठे होते, हे किती जणांच्या ध्यानात राहते? सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला होते. दुष्काळात लोक मरत होते म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि त्या कामावर ते कॅशिअर होते. म्हणजे तो अपमानाचा रस्ता एका सिव्हिल साइटकडेच जात होता.

त्याच पुस्तकातला बडोद्याचा प्रसंग आमच्या आजच्या विषयाशी त्याहून जवळचा आहे. १९१७ साली कोलंबियाची पदवी घेऊन, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते बडोदा संस्थानात रुजू झाले. त्यांना अकाउंटंट जनरलच्या कचेरीत प्रोबेशनर म्हणून नेमले. प्रोबेशनर म्हणजे शिकाऊच. वेगवेगळ्या खात्यांत काम शिकून पुढे मोठी जबाबदारी घ्यायची, असा सयाजीराव महाराजांचा विचार होता. जागा मिळाली, नेमणूक झाली, महाराज पाठीशी. तरी हे प्रशिक्षण का मोडले? राहायला घर मिळाले नाही म्हणून. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. संध्याकाळपर्यंत सामान बाहेर. हिंदू मित्राने हात वर केले, ख्रिस्ती मित्राने बायकोचे नाव सांगितले. रात्रीच्या गाडीपर्यंत बागेत बसून त्यांनी बडोदा सोडले.

आमचे म्हणणे असे की प्रशिक्षणाची जागा ही कधीच नुसती कचेरीतली खुर्ची नसते. राहण्याची खोली, पिण्याचे पाणी, बरोबरीने बोलणारा सहकारी आणि शिकवायला राजी असलेला वरिष्ठ एवढे मिळून ती जागा होते. यातले एक जरी काढून घेतले तरी कागदावरची नेमणूक कागदावरच राहते. राजर्षी शाहू महाराजांना हे नेमके कळले होते. १९०२ च्या २६ जुलैचा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम आपण दरवर्षी आठवतो. पण गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिल्यावर महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले, ही गोष्टही तेवढ्याच तोलाची आहे. दुकान काढून देणे ही अर्धी संधी झाली आणि गिऱ्हाईक म्हणून जाणे ही उरलेली अर्धी.

बाबासाहेब बडोद्याचा धडा विसरले नव्हते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. मजूर खाते म्हणजे केवळ कामगार कायदे नव्हे. पाटबंधारे, वीज, केंद्रीय बांधकाम खाते, सरकारी छापखाने हा सगळा पसारा त्यांच्याकडे होता. खुर्चीवर बसून तीन महिने होतात न होतात तोच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. आपल्या प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्याने ते वाचायला हवे. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे ते त्यात स्पष्ट मांडतात. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार दरवर्षी प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग आमच्या मुलांना का नाही, असा सवाल करतात. देशातल्या शिक्षणासाठी दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख अशी मागणी करतात. आज पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती म्हणून जी ओळखली जाते तिची सुरुवात या झगड्यातून १९४४ च्या सुमारास झाली.

पण आमचे लक्ष त्या निवेदनातल्या दोन कमी चर्चिलेल्या मुद्द्यांकडे आहे. एक, सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अनुसूचित जातींच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे. दोन, केंद्रीय बांधकाम खात्याची कंत्राटे. त्या खात्याच्या मंजूर यादीत हजारावर कंत्राटदार होते आणि त्यात अनुसूचित जातीचा अवघा एक. विचार करा, खाते स्वतः बाबासाहेबांच्या हाताखाली होते आणि ते व्हाइसरॉयला लिहून आकडा दाखवत होते. शिष्यवृत्ती, शिकाऊ जागा, कंत्राट. शिकायला पैसा, हात बसायला जागा आणि हात बसल्यावर काम. तीनही कड्या एकाच कागदावर आहेत. स्वतंत्र भारताने त्यातली पहिली उचलली आणि तीही रडतखडत. उरलेल्या दोन तशाच राहिल्या.

तशाच म्हणजे अगदी शून्य असेही नाही, आणि इथेच आपल्या तरुणांचे कायद्याचे अज्ञान नडते. १९६१ साली नवा शिकाऊ उमेदवार कायदा झाला. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर त्याच्या कक्षेत आले. त्याच दुरुस्तीने कलम ३-अ घातले गेले. मालकाने शिकाऊ जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवाव्यात असे ते कलम सांगते. २००७ साली ओबीसींसाठीही अशीच तरतूद झाली. मालक म्हणजे कोण? त्यात खासगी मालकही आला. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, नाही, असे आपण इतकी वर्षे ऐकत आलो. नोकरीत नाही हे खरे. पण शिकाऊ उमेदवारीत १९७३ पासून कायद्याने आहे. किती कार्यकर्त्यांनी एखाद्या मोठ्या बांधकाम कंपनीला विचारले की तुमच्याकडे कलम ३-अ खाली किती जागा भरल्या? मुंबईत पश्चिम विभागाचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ आहे, ते पदवीधर आणि पदविकाधारकांच्या शिकाऊ जागा पाहते, निम्मे विद्यावेतन केंद्र सरकार देते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९ हजार रुपये ठरले. यातले काही आपल्या वस्तीत पोहोचले का?

मेख पुढे आहे. हे झाले पदवीनंतरचे. पदवी चालू असताना उन्हाळ्यात जे ट्रेनिंग करायचे, ते कॉलेज आणि कंपनी यांच्या पत्रावर चालते. परदेशात याचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली सत्तावीस विद्यार्थ्यांवर प्रयोग सुरू केला, काही काळ वर्ग आणि काही काळ कारखाना, आळीपाळीने. त्यात जागा ठरवून देणे ही विद्यापीठाची जबाबदारी होती. आपल्याकडे एआयसीटीईने पदवीसाठी सुमारे ६०० ते ७०० तासांच्या इंटर्नशिपची अपेक्षा धोरणात लिहिली, क्रेडिट लावले. अपेक्षा चांगलीच आहे. पण जागा आणायची कोणी, विद्यावेतन मिळणार का, राखीव जागांचे काय, यावर प्रत्यक्षात सगळा भार विद्यार्थ्याच्या ओळखीवर पडतो. प्रवेशाला आरक्षण आहे, पदवीनंतरच्या शिकाऊ जागेला आरक्षण आहे, मधल्या ६०० तासांना काहीच नाही. साखळीतली नेमकी मधली कडी सोडून दिलेली आहे. ही नजरचूक आहे असे आम्हाला वाटत नाही, पण तो वाद बाजूला ठेवू. सक्ती आहे आणि जागेची हमी नाही, एवढे पुरेसे आहे.

कोणी म्हणेल, आता कंपन्या जात पाहत नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी याची परीक्षाच घेतली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नावात. तरी दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या सुमारे दोन तृतीयांश भरली आणि मुस्लिम नावाची तर एक तृतीयांशच. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. ते मेरिटची भाषा करत होते आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारत होते. हे झाले रीतसर जाहिरात देऊन भरलेल्या नोकरीचे. जिथे जाहिरातच नाही, एका फोनवर सगळे होते, तिथे काय चालत असेल? आमच्याकडे येणारी मुले सांगतात, साइट ऑफिसात पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा गावाचा असतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर गावात कुठल्या बाजूला घर, इथपर्यंत चौकशी जाते. आमच्या ओळखीच्या एका मुलीला साइटवर महिनाभर चलने फाइलला लावायला बसवले. “मुलींना वर चढवायची जबाबदारी कोण घेणार?” त्याच इमारतीत डोक्यावर घमेली घेऊन तिच्याच वस्तीतल्या बायका सहाव्या मजल्यापर्यंत चढत होत्या. त्यांची जबाबदारी कोणी विचारली नव्हती.

आणि राहण्याचे काय? बडोदा १९१७ मध्येच संपले असे समजू नका. समाजकल्याणची वसतिगृहे उन्हाळी सुट्टीत रिकामी करायला लावतात आणि ट्रेनिंग नेमके उन्हाळ्यात असते. मुलगा शिकतो अमरावतीत, साइट मिळते नागपूर-पुण्यात. तिथे सहा आठवड्यांसाठी खोली शोधायची, घरमालक आडनाव विचारणार, विद्यावेतन नाही, वर खानावळ. बापाची रोजंदारी तीन-चारशेच्या घरात असताना हा खर्च कुठून आणायचा? मग तो पोरगा सर्टिफिकेट विकत घेतो आणि आपणच त्याला आळशी म्हणतो.

आता करायचे काय? मागणी सरकारी कामांपासून सुरू झाली पाहिजे, कारण ते पैसे आपले आहेत. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषद, महापालिका, मेट्रो यांच्या प्रत्येक मोठ्या कामाच्या निविदेत एक अट घाला. कंत्राटदाराने इतके पदवीचे विद्यार्थी प्रशिक्षणाला घ्यावेत, त्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांचा लोकसंख्येप्रमाणे वाटा असावा, त्यांना विद्यावेतन द्यावे आणि नावांची यादी कामाच्या फलकाशेजारी लावावी. निविदेत असे काही घालता येत नाही म्हणणाऱ्यांना दोन उदाहरणे दाखवा. आपल्याच राज्यात छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात ३३-३३-३४ अशी वाटली जातात. कर्नाटकात २०१७ पासून पन्नास लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांना राखीव वाटा आहे, पुढे ती मर्यादा एक कोटीपर्यंत नेली. बाबासाहेबांच्या १९४२ च्या निवेदनातली तिसरी कडी एका राज्याने उचलली, मग दुसरी कडी उचलायला महाराष्ट्राला काय अडचण आहे?

दुसरी गोष्ट आपल्याच माणसांची. आरक्षणातून इंजिनिअर झालेले, कार्यकारी आणि अधीक्षक अभियंता पदापर्यंत पोहोचलेले, निवृत्त होऊन कन्सल्टन्सी काढलेले आपले लोक आज प्रत्येक जिल्ह्यात आहेत. १४ एप्रिलच्या मंडपाला ते सढळ हाताने वर्गणी देतात. ‘पे बॅक टू सोसायटी’वर त्यांची भाषणे होतात. साहेब, वर्गणी राहू द्या, या उन्हाळ्यात दोन मुले आपल्या साइटवर घ्या! त्यांना लेव्हल लावू द्या, स्टीलचे बारबेंडिंग शेड्यूल स्वतः काढू द्या, सात दिवसांचा आणि अठ्ठावीस दिवसांचा क्यूब फुटताना पाहू द्या, एमबीतली एक नोंद लिहून दाखवा. सवर्ण अधिकारी हे आपल्या भाच्या-पुतण्यांसाठी मुकाट्याने करतो, त्याला कोणी जातीयवाद म्हणत नाही. तुम्हाला मात्र दोन मुले घेताना लोक काय म्हणतील याची भीती वाटते. ही भीती टाकल्याशिवाय ओळखीची ही भिंत फुटणार नाही.

वडार, बेलदार, पाथरवट घरांतली जी मुले आज सिव्हिल शिकत आहेत त्यांना आमचे वेगळे सांगणे आहे. तुमच्या घरात जे ज्ञान आहे ते रिपोर्टमध्ये लिहा. आजोबा दगड कसा फोडत, चुना कसा मळत, मातीचे माप कसे धरत, हे विचारून आकृत्यांसह लिहा आणि प्राध्यापकापुढे ठेवा. त्याने मार्क दिले नाहीत तर का दिले नाहीत ते लेखी मागा.

आणि विद्यार्थी संघटनांनी मार्चची वाट पाहू नये. ट्रेनिंगच्या जागा डिसेंबर-जानेवारीतच बोलल्या जातात. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांकडे माहितीच्या अधिकारात आत्ताच अर्ज टाका. मागील तीन वर्षांत महाविद्यालयाने कोणकोणत्या कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना प्रशिक्षणासाठी पत्रे दिली, त्यावर किती विद्यार्थी गेले, त्यांची प्रवर्गनिहाय संख्या किती, किती जणांना विद्यावेतन मिळाले आणि किती जणांनी स्वतः जागा शोधली. अर्जाची फी दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आलेले उत्तर आमच्याकडे पाठवा, जिल्हावार छापू.